तीन नंबरचा सिलिंडर: अकरा वर्षं उभ्या असलेल्या जीपचं इंजिन

मामांची जीप अकरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) आणि पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणाऱ्या लांब काड्या) असलेलं, पुढून हँडल मारायची सोय असलेलं. मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा मामा नवी बॅटरी घेऊन तयारच होते.

"दोन सेल्फ मारले की उठेल बघ. लावली तेव्हा एकदम चालू कंडिशनमध्ये होती."

मी एवढंच विचारलं, "मामा, मधल्या काळात कोणी सेल्फ मारून बघितलाय का?" नाही म्हणाले, तेव्हा जीव भांड्यात पडला. बंद इंजिन अकरा वर्षांत जेवढं खराब होत नाही तेवढं सेल्फच्या दहा सेकंदांत करता येतं. पिस्टनभोवतीची रिंग बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजून चिकटलेली असली तर सेल्फला ते कळत नाही, तो ओढतो. हाताला कळतं. म्हणून तिथेच ठरवलं की इंजिन पूर्ण हाताने फिरेपर्यंत बॅटरीची वायर जोडायची नाही. हा नियम मी पुढे एकदा मोडला, आणि या प्रकरणातलं सगळ्यात महागात पडलेलं काम तेच ठरलं.

"चालू कंडिशनमध्ये लावली" हे वाक्य बंद गाडीचा प्रत्येक मालक म्हणतो. मग लावून का ठेवली, हा प्रश्न तेव्हाच रेटून धरायला हवा होता. त्याचं खरं उत्तर मला तिसऱ्या आठवड्यात मिळालं.

पहिले दोन दिवस: फक्त बघणं

बॉनेट उघडलं तर एअर क्लीनर जागेवर नाही. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीसाठी कोणीतरी काढून नेलेला. कार्ब्युरेटरचं तोंड अकरा वर्षं उघडं. उंदरांनी फॅनमागे घर केलेलं आणि दोन वायरी कुरतडलेल्या. ते साफ करायला अर्धा तास लागला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

उघड्या कार्ब्युरेटरमधून दमट हवा किती आत गेली असेल, यापेक्षा ती कोणत्या सिलिंडरमध्ये गेली असेल हे महत्त्वाचं. चार सिलिंडरचं इंजिन बंद करताना शेवटच्या कॉम्प्रेशनपाशी अडतं, जरासं मागे येतं आणि बहुतेक वेळा चारही पिस्टन मधोमध असताना थांबतं. त्या क्षणी प्रत्येक सिलिंडर वेगळ्या स्ट्रोकवर असतो: हवा-पेट्रोल आत ओढणं (इनलेट), दाबणं (कॉम्प्रेशन), जळून पिस्टन ढकलणं (पॉवर) आणि धूर बाहेर टाकणं (एक्झॉस्ट). म्हणजे दोन सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, एकाचा एक्झॉस्ट उघडा आणि एकाचा इनलेट उघडा. बंद असलेले दोन बरणीसारखे टिकतात. एक्झॉस्ट उघडा असतो त्याला सायलेन्सरच्या लांब पाइपातून थोडी हवा मिळते. इनलेट उघडा असलेल्याला थेट कार्ब्युरेटरमधून.

प्लग काढले आणि हिशोब समोर आला. एक आणि दोन नंबरचे प्लग राखाडी, कोरडे. चारचा किंचित तांबूस. तीनच्या प्लगवर गंजाचे कण, बोटाने झडणारे. या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. तीन इनलेटवर असेल तर एक कॉम्प्रेशनवर, दोन पॉवरवर आणि चार एक्झॉस्टवर असणार. प्लग तेच सांगत होते. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा प्लगच्या भोकातून सोडला. तीनमध्ये पिस्टनच्या वरची दोन-अडीच बोटं भिंत विटकरी रंगाची, बाकी तीन बोअर बऱ्यापैकी चकचकीत. एवढ्यावरून पुढच्या आठवड्याभराचं काम कुठे आहे ते कळलं.

ऑईलच्या पट्टीवर पातळी खुणेच्या थोडी वर. शेडमध्ये कोणी ऑईल टाकलेलं नाही, मग वाढलं कसं? चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईल साठणाऱ्या भांड्याचा, ड्रेन नट अगदी हळू सैल केला. आधी अर्धा कप पाणी आलं आणि मग काळं ऑईल. रोज तापून निवणाऱ्या लोखंडाच्या आत हवेतली वाफ थेंबाथेंबाने जमते, पाणी ऑईलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं, आणि ऑईल पंपाची जाळी तळाशीच असते. मामांनी त्या दिवशी सेल्फ मारला असता तर बेअरिंगांना पहिला घोट पाण्याचा मिळाला असता.

भिजवणं आणि हलवणं

हँडल घालून जेमतेम जोर लावला. काहीच हललं नाही. तेवढ्यावर थांबलो.

भिजवायला काय वापरायचं यावर प्रत्येक मेकॅनिकचं आपलं मत असतं. कोणी रॉकेल, कोणी डिझेल, कोणी नुसतं ऑईल. मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं वापरलं. ॲसिटोन पातळ, ते फटीत शिरतं आणि ऑईलला बरोबर नेतं. दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून ओतण्याआधी बाटली जोरात हलवावी लागते. आणि ॲसिटोन पेट्रोलसारखंच पेटतं, त्यामुळे शेडची दोन्ही दारं उघडी आणि आसपास ठिणगी पडेल असं काही नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये सुमारे ३० मिली टाकलं आणि भोकं चिंधीने झाकली.

दुसऱ्या दिवशी एक, दोन आणि चारमधलं द्रव रिंगांवरून खाली झिरपून गेलेलं. तीनमधलं जवळजवळ तसंच. गंजाने रिंगेची फटसुद्धा बुजवली होती. रोज सकाळ-संध्याकाळ तीनमध्ये थोडं थोडं टाकत राहिलो. मामा रोज संध्याकाळी यायचे, कॅमेऱ्यात बघायचे, आणि "अजून किती?" विचारून जायचे.

सहाव्या दिवशी क्रँक पुलीच्या नटावर सॉकेट आणि हातभर लांबीचा दांडा लावला. हँडल मुद्दाम वापरलं नाही. त्याची पिन जामलेल्या इंजिनावर तुटते. पुलीवर आणि शेजारच्या कव्हरवर समोरासमोर खडूची रेघ मारली, कारण इंजिन हललं की दांडाच वाकला हे डोळ्यांना कळत नाही.

आता दिशा. इथे जरा थांबून विचार करावा लागला. गंज पिस्टनच्या वरच्या भिंतीवर असतो, खालची भिंत ऑईलमध्ये राहिलेली असते. म्हणून अडकलेला पिस्टन आधी खाली न्यायचा. तीन नंबर इनलेटवर, म्हणजे इंजिन सुलट फिरवलं की तो खालीच जाणार. चार नंबर मात्र त्याच वेळी वर, आपल्या गंजाकडे जाणार होता. पण चारचा गंज वरवरचा होता. शिवाय सुलट फिरवताना नट घट्ट होतो, उलट जोर लावला तर तो सुटायची भीती. तीनही कारणं एकाच बाजूला होती.

झटके दिले नाहीत. दांड्यावर अंगाचा भार टाकून पाच-सात सेकंद धरायचं आणि सोडायचं. वीसेक वेळा केल्यावर "टक्" असा हलका आवाज झाला आणि खडूच्या रेघा काडीच्या जाडीएवढ्या सरकल्या. मामा टाळी वाजवणार तोवर मी दांडा बाजूला ठेवला आणि पुन्हा द्रव टाकलं. तो सरकलेला एक मिलिमीटर घालवायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी पाव फेरा, मग उलट, मग सुलट, दरवेळी थोडं जास्त. अर्ध्या फेऱ्यानंतर तीनचा पिस्टन वर येताना त्या विटकरी पट्ट्यातून जाणार होता. तिथे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जाड झाकण, काढून भिंत हाताने साफ करणं हा शहाणपणाचा मार्ग होता. मी तो घेतला नाही. हेड उघडलं की गॅस्केट, जुने बोल्ट, एकातून एक काम निघत जातं, आणि मला इंजिनाचा आवाज ऐकायचा होता. भरपूर ऑईल टाकून, केसाच्या गतीने, त्या पट्ट्यातून पिस्टन वर काढला. दांड्याला खरखर जाणवत होती.

पूर्ण फेऱ्याआधी रॉकर कव्हर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांवरचं झाकण, मात्र काढलं. आठपैकी सात व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येत होते. चारचा एक्झॉस्ट खाली गेला तो तिथेच राहिला, आणि त्याचा पुशरॉड हातात सैल खुळखुळला. असाच फिरवत राहिलो असतो तर पुढच्या फेऱ्यात पिस्टन त्याच्यावर आदळू शकला असता. बुडाशी ऑईल सोडून प्लास्टिकच्या हातोडीने हलके टोले दिले. दहा मिनिटांत तो उठला.

पहिलं सुरू होणं

इथून पुढचा भाग बहुतेकांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात. नवं ऑईल, नवा फिल्टर, आणि फिल्टर आधी ऑईलने भरून. प्लग काढलेले असतानाच बॅटरी जोडली आणि आठ-दहा सेकंदांच्या हप्त्यांनी सेल्फ मारला. चौथ्या हप्त्याला ऑईल प्रेशरचा दिवा विझला. प्लग नसले की कॉम्प्रेशनचा भार नसतो, त्यामुळे बेअरिंगांवर जोर न येता ऑईल सगळीकडे पोचतं. ठिणगीसाठी करंट तोडणारे पॉइंट बारीक पेपरने घासून ०.४ मिमी गॅप लावला, त्यांच्या जोडीचा कंडेन्सर बदलला. कार्ब्युरेटर पूर्ण उघडला, जेट फुंकून साफ केले. तार घातली नाही. पितळ मऊ असतं, तारेने भोक मोठं होतं आणि मग मिश्रण कधीच जुळत नाही. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम पापडासारखा कडक झालेला. तो फाटला तर पेट्रोल गुपचूप चेंबरमध्ये उतरतं आणि ऑईल पाणचट करतं, म्हणून न तपासताच बदलला.

कॉम्प्रेशन मोजलं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. एक नंबर दर चौरस इंचाला १२५ पौंड, दोन १२८, चार ११२, तीन ७०. तीनमध्ये चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजलं तर १०५. ऑईलने आकडा चढला म्हणजे गळती रिंगांवरून आहे, व्हॉल्व्हमधून नाही. अपेक्षित होतं. काही तास चालल्यावर रिंगा मोकळ्या होतील, आकडा सुधारेल, या आशेवर पुढे गेलो.

जुन्या टाकीला हात लावला नाही. पाच लिटरचा कॅन बॉनेटपेक्षा उंच टांगून त्यातून नवं पेट्रोल दिलं, आग विझवायचं सिलिंडर पायाशी ठेवलं. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन फुरफुरलं, पाचव्याला लागलं. भिजवलेलं ऑईल जळून एवढा पांढरा धूर झाला की मामा शेडबाहेर पळाले आणि तिथून ओरडून विचारत राहिले, "चालू आहे का रे? चालू आहे का?" चालू होतं. दिवा चार सेकंदांत विझला. चार मिनिटं चालवून बंद केलं.

त्या संध्याकाळी मामा शेडमधून हलेनात.

गाळलेलं पेट्रोल

इंजिन लागल्यानंतर टाकी सोडवून रिकामी केली. नऊ लिटर निघालं. रंग कडक काढ्यासारखा, वास पेट्रोलचा नाहीच, जुन्या रंगाच्या डब्याचा. पेट्रोलमधला हलका, झटकन पेटणारा भाग वर्षानुवर्षं उडून जातो. उरलेल्यातले काही घटक हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून चिकट गम तयार करतात. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते वर पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून तळाला वेगळा थर करतात. टाकी गंजते ती तिथूनच.

दोन दिवसांनी मी पोचलो तर मामांनी त्यातलं तीन लिटर सुती कापडातून दोनदा गाळून, नव्या पेट्रोलात मिसळून कॅन भरून ठेवलेला. "बघ, किती स्वच्छ झालंय. वाया कशाला घालवायचं?"

मी "नको" म्हणालो, पण ठामपणे नाही. कापडाने कचरा गाळला जातो. गम तर पेट्रोलात विरघळलेला असतो, तो कापडातून आरामात जातो. हे मला माहीत होतं. तरी इंजिन चाळीस मिनिटं झकास चाललं, आणि मला वाटलं, इतकं काय बिघडणार! फक्त धुराला त्या डब्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ चावी फिरवली. हँडल गाडीतच मागे पडलेलं होतं.

सेल्फचा आवाज एकसारखा आला नाही. दोन फेरे भरभर, मग एक खटका, मग पुन्हा भरभर. इंजिन लागलं पण मिसिंग करत, हादरत. लगेच बंद केलं, कव्हर काढलं. एक नंबरच्या इनलेटचा पुशरॉड धनुष्यासारखा वाकलेला. दोन नंबरचा इनलेट साधारण चार मिलिमीटर उघडाच अडकलेला.

झालं होतं ते असं. पेट्रोल इनलेट व्हॉल्व्हच्या दांड्यावरून जाताना गम तिथे चिकटतो. इंजिन गरम असेपर्यंत तो मऊ राहतो, म्हणून काल काही जाणवलं नाही. रात्री इंजिन निवलं आणि गम लाखेसारखा कडक होऊन व्हॉल्व्हला गाइडमध्ये, म्हणजे दांडा सरकतो त्या नळीत, पकडून बसला. दोनचा उघडा होता तो उघडा राहिला. एकचा बंद होता. रॉकरने तो दाबला, तो हलेना, आणि मधला बारीक पुशरॉड वाकला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सगळे ठीक होते, कारण त्यांच्या वाटेला पेट्रोल जळून मगच येतं. हाताने हँडल फिरवलं असतं तर एक नंबरपाशी कडक लागलं असतं, दोनपाशी कॉम्प्रेशनच लागलं नसतं, आणि मी थांबलो असतो.

दुरुस्तीला दीड दिवस गेला. स्प्रिंग काढताना व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून प्लगच्या भोकातून सुती दोरी आत भरली आणि पिस्टन वर आणून तिला दाबलं. दोरी व्हॉल्व्हला खालून धरून ठेवते. दांड्यावर ॲसिटोन सोडायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, वर-खाली करायचा, पुसायचा. चिंधीला तपकिरी चिकटा लागत होता, तो येणं थांबेपर्यंत चारही इनलेटना हेच केलं. उरलेले पुशरॉड काचेवर लोळवून बघितले, सरळ होते. एक नवा टाकला. कार्ब्युरेटर परत उघडून धुतला. ऑईलही बदलून टाकलं. ते जुनं पेट्रोल मामांनी स्वतःच कॅनमध्ये बंद करून बाजूला नेलं, एक शब्द न बोलता. मीही बोललो नाही. चावी मी फिरवली होती.

तिसरा आठवडा

ब्रेकचे सिलिंडर आणि होज बदलल्यावर गाडी बाहेर काढायची होती, तर क्लच सुटेना. प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली. मोकळ्या जागेत, इंजिन गरम करून बंद केलं, दुसऱ्या गिअरमध्ये सेल्फवरच निघालो, आणि पेडल पूर्ण दाबून ॲक्सिलरेटर देत-सोडत राहिलो. तिसऱ्या झटक्याला प्लेट सुटली.

मग वीस मिनिटांत काटा चढला. रेडिएटर वरून चटका देणारा, खालून थंड. थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून उकळत्या पाण्यात टाकला तर उघडलाच नाही. बदलला. तरी काटा हळूहळू चढतच राहिला. ब्लॉकची पाणी सोडायची तोटी उघडली. रेडिएटर काठोकाठ भरलेला आणि तोटीतून थेंब नाही. तार घालून खरवडलं तेव्हा लाल चिखल भळभळा आला. मागच्या सिलिंडरांभोवतीची पाण्याची जागा अर्धी गाळाने भरली होती.

मामा चिखलाकडे बघत म्हणाले, "हां, तेव्हा चढावर गरम व्हायची खरी. म्हणूनच तर लावून ठेवली होती."

ब्लॉक उलट-सुलट दिशेने पाणी सोडून धुतला, रेडिएटर उघडून साफ करून घेतला, कूलंट भरलं. आता काटा मध्यावर थांबतो.

आजची स्थिती

इंजिन सुमारे चाळीस तास चाललंय. ऑईल त्यानंतर आणखी एकदा बदललं; त्या वेळी ड्रेन नटाच्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट होती, तुकडे नव्हते. कॉम्प्रेशन एक, दोन आणि चारमध्ये १२५ ते १३० पौंडांच्या दरम्यान. तीन नंबर ९६ वर आला आणि तिथेच थांबला. कॅमेऱ्यात त्या पट्ट्याच्या जागी आता गंज नाही, खड्डे दिसतात. चढावर मागे निळसर धूर येतो. हेड त्याच वेळी काढून भिंत साफ केली असती तर खड्डे टळले नसते, ते गंजानेच पाडलेले. पण गंजाचा भुगा रिंगांनी खरवडून खाली नेला नसता, आणि आकडा शंभरावर गेला असता असं मला वाटतं.

हेड आता काढायचं की नाही यावर आमचं एकमत नाही. मामा म्हणतात, "चालतेय ना? मग उघडतोस कशाला?" मी म्हणतो रिंगा आणि बोअर बघून घेऊ. तोवर गाडी आठवडाभर उभी राहिली की मामा आधी हँडल घालून दोन पूर्ण फेरे फिरवतात. चारही कॉम्प्रेशन हाताला मोजून घेतात, तिसऱ्याला "हा जरा मऊच" म्हणतात, आणि मग चावी माझ्याकडे देतात.